टिचकी

बाल्कनीच्या कठड्याला टांगलेल्या चरबीच्या वडीवर सुतार पक्षी येऊन बसला आहे. या भागातला हा सगळ्यात लहान सुतार, काळा-पांढरा, मानेमागे कुंकवाएवढा लाल ठिपका. टक्, टक्, मग मान तिरकी करून माझ्याकडे पाहणं, आणि पुन्हा टक्. खाली पार्किंगमध्ये कुणी तरी गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडतंय, शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी होते आहे. एडिसनमधली आमची नेहमीची शनिवार सकाळ. एरवी मी कॉफीचा मग घेऊन या पाहुण्यासमोर मुकाट उभी राहते. पण गेले तीन आठवडे त्याची टकटक ऐकली की माझं पोट दुखतं. मत्सराला आपल्या भाषेत पोटदुखी का म्हणतात, ते मला या वयात कळलं.

पक्ष्यांचं वेड मला लावलं ते माझ्या मैत्रिणीनं. ती दादरची, मी सोलापूरकडची. दोघी नव्यानं इथे आलो होतो, नवरे ऑफिसला गेले की भलेमोठे दिवस अंगावर यायचे. मग आम्ही तळ्याकाठी हिंडायला लागलो आणि दिसेल त्या पक्ष्याला मराठी नाव ठेवायला लागलो. इंग्रजी नावं आमच्या तोंडात बसत नसत, हे एक कारण; आणि परक्या मुलखात कुणाचं तरी बारसं आपल्या हातून होतंय याचा आनंद, हे खरं कारण. त्यासाठी एक वही होती, तिच्याकडे असायची. नियम एकच. दोघींनी मिळून पाहिल्याशिवाय नावापुढे बरोबरची खूण करायची नाही.

त्या वहीत एक नाव न पाहिलेल्या पक्ष्याचं होतं. लायब्ररीतल्या जाडजूड पुस्तकात आम्हाला तो भेटला: ब्राझीलच्या ईशान्येला राहणारा, बोटाएवढा तांबूस सुतार. नराच्या कपाळावर लाल ठिपके, मादीच्या डोक्यावर पांढरे. एवढ्याशा चोचीनं तो काय ठोकणार! नखानं टिचकी मारल्यासारखा आवाज येत असेल, असं मी म्हटलं, आणि त्याचं नाव पडलं टिचकी. त्याचं रान वर्षातले कितीतरी महिने निष्पर्ण, पांढरंफटक असतं. काटेरी झुडपं, निवडुंग, भेगाळलेली माती. कोळशासाठी आणि शेतीसाठी ते तोडलं जातंय, म्हणून टिचकीचं काही खरं नाही, असंही पुस्तकात होतं. मी ते चित्र कितीतरी वेळ पाहत राहिले. ते रान माझं होतं. बोरी-बाभळींत वाढलेल्या माझ्यासारखीला त्यात परकं काही दिसेना. 'आपण दोघी जाऊ,' ती म्हणाली होती.

मग तिच्या हातात इथला पासपोर्ट आला. माझं घोडं अजून व्हिसावरच अडलेलं. देशाबाहेर पडले तर नव्या व्हिसाचं स्टॅम्पिंग होऊन परत कधी येईन, याचा भरवसा नाही. दोन महिन्यांपूर्वी तिचा फोन आला. "अगं, ग्रुपमध्ये लास्ट मिनिट एक सीट ओपन झालीये. तुझ्यासाठी थांबले असते यार, पण तुझी ग्रीन कार्डची डेट कधी येणार, कोणाला माहीत?"

"जा की. एन्जॉय कर," मी म्हणाले, आणि फोन ठेवून स्वच्छ ओटा पुन्हा पुसला.

तिथून फोटो येत राहिले. निवडुंगाशेजारी ती, लाल धुळीनं माखलेली, हसणारी. जिच्या पायात आयुष्यात कधी बाभळीचा काटा मोडला नाही, ती माझ्या रानात हिंडत होती. मी जळले, अक्षरशः जळले. शेवटी एक आवाजी मेसेज आला, खाली लिहिलेलं, 'ऐक ना गं.' मी ऐकला नाही. ती परत आली, फोन करत राहिली, मी कामात असल्याचं सांगत राहिले. लेकीनं एकदा विचारलं, "आई, आर यू मॅड ॲट मावशी?" मी तिला होमवर्कला बसवलं.

आज सकाळी मेसेज आला आहे: 'चारला येऊ का? वही आणते.' वही कशाला, ते मी ओळखलं. खूण केली असणार. एकटीनं. सुतार टकटक करत होता. एकदाची काय ती फुशारकी ऐकून घ्यावी, म्हणून मी तो जुना मेसेज लावला.

आधी नुसता वारा. मग वाळल्या काटकीवर अगदी हलकं टिक्, टिक्, टिक्. मी म्हटलं होतं तस्सं. मग तिची कुजबुज, "टिचकी! टिचकी!" आणि एका पुरुषाचा हरखलेला आवाज. तिथला वाटाड्या असावा. त्याला आपला ट कुठून येणार? तो तिच्यामागून म्हणत होता, "तिचकी! तिचकी!" मला ऐकू आलं ते, तीच की! तीच की! पुष्कळ वर्षांनी गर्दीत ओळखीचं माणूस दिसावं आणि आपण म्हणावं, तसं. शेवटी तिचा आवाज, रडवेला. "खूण नाही केलीय गं. अर्धीच दिसली मला."

माझी पोटदुखी गेली, असं म्हणणार नाही. उलट आता त्या वाटाड्याचाही हेवा वाटतो. त्याला टिचकी रोज दिसत असेल. माझी तारीख येईपर्यंत ते पांढरं रान उरेल की नाही, कोण जाणे. पण त्या रानात एक माणूस आहे, जो त्या पाखराला आमच्या नावानं हाक मारतो, आणि इथे एका वहीत एका ओळीपुढची जागा माझ्यासाठी कोरी आहे.

मी तिला 'ये' एवढंच लिहिलं. चारला दाराची बेल वाजली. भोकातून पाहिलं, तर छातीशी वही धरून, उन्हानं रापलेली, माझ्याच दाराला बिचकत उभी होती. तीच की.