काकूंच्या नावाचा सरडा

सरडेकाकांची आणि माझी पहिली भेट लिफ्टमध्ये झाली आणि त्या भेटीत मी किंचाळले. आखातातल्या अल मनखूलच्या आमच्या बिल्डिंगची लिफ्ट म्हणजे दोन माणसं आणि एक किराण्याची पिशवी, बास. त्यात हे गृहस्थ शिरले. कडक इस्त्रीचा शर्ट, कपाळावर सरकवलेला चष्मा आणि हातात फुलाफुलांचा उशीचा अभ्रा. अभ्र्याचं तोंड सुतळीनं बांधलेलं, आणि तो अभ्रा हलत होता! "घाबरू नका," ते शांतपणे म्हणाले, "चावत नाही. चावला तरी विष नसतं." मी पुढच्याच मजल्यावर उतरले आणि वरचे सगळे मजले जिन्यानं गेले.

माणूस खरं तर एसीचा इंजिनीअर. देऱ्यातल्या एका काँट्रॅक्टिंग कंपनीत उभी हयात डक्टचे आराखडे काढत बसले होते. सुट्टी मिळाली की मात्र डोंगरात सरड्यांच्या मागे. रीतसर परवानगी काढून दोन-चार धरून आणायचे, भिंगाखाली त्यांचे खवले मोजायचे, फोटो काढायचे आणि पुढच्या सुट्टीत ज्याला त्याला त्याच्याच दगडापाशी सोडून यायचे. "आपल्याला कोणी शारजात उचलून अबू धाबीत सोडलं तर चालेल का?" असं मला विचारायचे. माझी लेक मुक्ता त्यांच्या घरी पडीक. मी ओरडले की म्हणायची, "मम्मा, रिलॅक्स, इट्स जस्ट अ लिझर्ड." आता काय बोलणार, कपाळ माझं!

त्यांचा एक शब्द आमच्या बिल्डिंगमध्ये प्रसिद्ध होता. तो म्हणजे "कुठे?" कोणी म्हटलं, काका, काल केवढा मोठा सरडा दिसला, की लगेच "कुठे?" मग भिंतीवरच्या नकाशात टाचणी. ही सवय इतकी अंगात मुरलेली, की मी एकदा रडवेल्या आवाजात सांगितलं, काका, माझं पाकीट हरवलं, तर पहिला प्रश्न "कुठे?" मी म्हटलं, ते माहीत असतं तर हरवलं असतं का हो? त्यावर सुमनकाकू आतून खळखळून हसल्या.

आणि ह्या माणसानं एक दिवस सरड्याची नवीन जात शोधली. फुजैराच्या डोंगरात लांब चाबकासारख्या शेपटीचा एक तपकिरी सरडा सगळ्यांना माहीत होता. काकांना डोंगरापलीकडच्या हत्ता गावाजवळ एका घळीत तसाच, पण लहानखुरा आणि निळ्याशार शेपटीचा सरडा सापडला. हत्त्याला सगळे निळे, फुजैराला सगळे तपकिरी. म्हणजे जाती दोन, आणि मधल्या डोंगरानं त्यांची वाटणी केलेली. परदेशातल्या एका म्हाताऱ्या प्राध्यापकांबरोबर त्यांनी लेख छापला. शोधणाऱ्यानं स्वतःचं नाव द्यायचं नाही, असा शास्त्रज्ञांत संकेत. काकांनी बायकोचं दिलं. जातीचं नाव झालं 'सुमनाए'.

आमच्या मंडळानं काकूंचा सत्कार केला. शाल, श्रीफळ, सगळं. मला हसू आवरेना. सरड्याला बायकोचं नाव दिलं म्हणून बायकोचा सत्कार! पण घरी आल्यावर काकू शाल घडी करत जे बोलल्या त्यानं माझं हसू पळालं. "पुण्यात मी शाळेत गणित शिकवायचे गं. इथं आल्यापासून घराचा करार ह्यांच्या नावावर, वीज-पाणी ह्यांच्या नावावर, माझा व्हिसासुद्धा ह्यांच्या नावावर. जगात माझ्या एकटीच्या नावावर काय आहे? एक सरडा." त्या हसत होत्या, पण डोळे भरले होते.

मग काका रिटायर झाले. पुण्याला परतायचं ठरलं. सामान बांधायला घेतलं आणि काका म्हणाले, जाण्याआधी सुमनाएला टाटा करून येऊ. मे महिना, आगीसारखं ऊन. मी म्हटलं, काका, वेड लागलंय का? तरी गेलो, काका, काकू आणि मी. भल्या सकाळी घळीत पोचलो. एक सरडा दिसला, तपकिरी. दुसरा तपकिरी. तिसरा, तोही तपकिरी! काका दगडामागून दगड पालथा घालत होते, घामानं निथळत होते. शेवटी एक सापडला. अंग सगळं तपकिरी आणि शेपटीचं फक्त टोक निळं. काका त्याला हातात धरून मटकन खाली बसले. मला वाटलं ऊन लागलं. मी पाण्याची बाटली घेऊन धावले.

"निळी ती पिल्लं," ते म्हणाले. "मोठी झाली की रंग जातो. जात एकच आहे."

मला काही उमगेना. मग त्यांनी सांगितलं. एसीच्या माणसाला उन्हाळ्यात मरायला फुरसत नसते, म्हणून हत्त्याला ते नेहमी डिसेंबर-जानेवारीत यायचे. तेव्हा पिल्लं उन्हाला बाहेर, मोठे सरडे कपारीत. फुजैराला त्यांची हॉटेलांची कामं. ती उन्हाळ्याच्या तोंडावर, एप्रिलात, आणि तोवर पिल्लं मोठी झालेली. "ती सरड्यांची वाटणी नव्हतीच. माझ्या सुट्ट्यांची वाटणी होती! जन्मभर कुठे, कुठे विचारत बसलो. कधी, हे विचारायचंच राहिलं."

 परतताना गाडीत काकू म्हणाल्या, "आपण तिघंच होतो. कुणाला कळणारे?" काका समोर बघत म्हणाले, "मला कळलंय ना, सुमन." 

आठवडाभरानं ऑफिसात मुक्ताचा फोन आला. "मम्मा, कम होम. काका फेल डाउन." खोकी बांधता बांधता गेले. आदल्या दिवशी ह्या माणसानं माझ्याकडून चिकटपट्टी मागून नेली होती! मी दारात उभी राहिले, उघड्या खोक्यांकडे बघत राहिले, आणि माझा विश्वासच बसेना. काकू रडतसुद्धा नव्हत्या.

निरोप समारंभासाठी घेतलेल्या हॉलमध्येच शोकसभा झाली. जो उठे तो तेच बोले. काका गेले, पण सुमनाएच्या रूपानं काकूंना अमर करून गेले! मी काकूंचा हात घट्ट धरून बसले होते. मनात म्हटलं, हे प्रकरण आता खलास. मी मेले तरी तोंड उघडणार नाही.

तोंड उघडलं काकूंनीच. पुण्याहून त्यांचा फोन आला. "डिसेंबरात फुजैराला जाशील? तिथंही निळी पिल्लं दिसली की झालं, जात एकच. ह्यांचे हत्त्याचे त्या दिवशीचे फोटो आहेतच. दुरुस्तीचा लेख मी लिहायला घेतलाय." मी ओरडलेच, "काकू, कशाला? सुखानं राहू द्या ना ते नाव! काका गेले, आता कुणाला कळणारे?" "हेच मी गाडीत विचारलं होतं," काकू म्हणाल्या. "त्यांचं उत्तर तू ऐकलंस."

गेले बाई. सरड्याला बघून जिना चढणारी मी, फुजैराच्या डोंगरात फोन घेऊन दगडांमागे वाकून बघत होते आणि मनातल्या मनात देवाला विनवत होते, दिसू देऊ नकोस रे, एकही निळा दिसू देऊ नकोस. "मम्मा!" मुक्ता कुजबुजली. समोरच्या खडकावर बोटाएवढं पिल्लू उन्हाला बसलं होतं. शेपूट निळीशार.  काही दिसलं नाही म्हणून सांगितलं असतं तर कोण तपासायला येणार होतं? मी तिथूनच फोन लावला.

"निळी आहे ना?" काकूंनी विचारलं.

"आहे, काकू."

 काकू शाळेतल्या बाईंच्या सुरात म्हणाल्या, "मग फोटो नीट काढ. डोकं आलं पाहिजे, शेपूट पूर्ण आली पाहिजे. हलवू नकोस."

लेख छापून आला तो प्राध्यापकांनी मलाही पाठवला. मी ऑफिसात उघडला. 'सुमनाए' ही वेगळी जात नाही, ते नाव आता वापरू नये, असं सरळ पहिल्याच ओळीत. मी त्या ओळीच्या वर बघितलं. लिहिणाऱ्यांची नावं दोन. एक काकांचं, नावापुढे ते हयात नसल्याची खूण केलेली. दुसरं सुमनकाकूंचं. पूर्ण नाव, लग्नाआधीच्या आडनावासकट.

मी लगेच फोन केला. म्हटलं, काकू, अहो, हे तुमचं नाव! "प्राध्यापक ऐकेनात," त्या म्हणाल्या. "म्हणाले, काम ज्यानं केलं त्याचं नाव." आणि मग इतक्या महिन्यांनी काकू पहिल्यांदा रडल्या, मोठ्यानं, "अगं, हे असते तर केवढे खूश झाले असते गं," म्हणत. मीही भर ऑफिसात, सगळ्यांच्या देखत, हमसून हमसून रडले.