कोरडा घोडा

लग्नघराची भिंत रंगवणं हा आमच्या वडिलांचा, आप्पांचा धंदा. पाटाकाठच्या गावांत कुठे लग्न निघालं की आप्पांना बोलावणं यायचंच. चुन्याने भिंत पांढरी करायची आणि दाराशेजारी गेरूचा घोडा काढायचा. घोड्याचे पुढचे पाय मात्र पाण्यात हवेत. कपड्यांची नीळ कालवून खुराखाली तीन लाटा ओढताना आप्पा म्हणायचे, "पान्याबिगर घोडा हुबा करू न्हाई. तान्हेलं जनावर दारात, म्हंजी लेकीच्या नशिबी वनवन."

माझा धाकटा भाऊ पाटात बुडाला आणि त्यानंतर आप्पांनी निळीला हात लावला नाही. घोडे काढत, पण कोरडे. लोकांनी काही दिवस चालवून घेतलं, मग फ्लेक्स लावू लागले. मला लोकांचा राग यायचा आणि खरं सांगायचं तर आप्पांचाही. दुःख काय त्यांना एकट्यालाच होतं?

गेल्या उन्हाळ्यात माझं लग्न ठरलं. हळदीच्या सकाळी पाहते तो आमच्याही भिंतीवर कोरडाच घोडा. आई गयावया करत म्हणाली, "ऱ्हाऊ दे बाई, नगं छळू त्येंना." पण माझं डोकं फिरलं होतं. पाहुण्यांदेखत मी ओरडले, "आप्पा, गेला त्यो गेला. मी जिती हाय न्हवं? माज्यासाठी तीन लाटा ओढवत न्हाईत तुमाला?"

त्यांनी निळीची पुडी काढली. नीळ कालवली, खुराखाली तीन लाटा ओढल्या. मला बरं वाटलं. मग त्यांनी चौथी ओढली. पाचवी. हात थांबेना. पाणी घोड्याच्या गुडघ्यांवर गेलं, पोटाला लागलं. हळद कालवणाऱ्या बायका उठून उभ्या राहिल्या. मी धावत जाऊन त्यांचं मनगट धरलं, तोवर घोड्याची छाती बुडाली होती.

"आप्पा, बास."

"एवढंच हुतं," भिंतीकडे बघतच ते म्हणाले. "माज्या छातीएवढं. मी काठावरच हुतो, बाई. त्यानं हात वर केला. मला पवता येत न्हाई म्हनून मी उतारलोच न्हाई. मागनं गडी उतारले, तवा कळलं."

आप्पा पोचायच्या आधीच सगळं संपलं होतं, असंच आईला आणि मला सांगितलेलं. मी मागे वळले. हळदीची वाटी घेऊन आई तिथेच उभी होती.