वेलींच्या राजाची कात्री

माझ्या वहिनीला, वेलिकाला, गाव खडूस म्हणतं. म्हणेना का! त्या लव्हेंडरच्या शेतात ती कशी राबली ते मी शेजारच्या अंगणातून रोज पाहिलंय. हे सगळे शहाणे तेव्हा खानावळीत बसून रकियाची दारू ढोसत होते.

तिचा मुलगा, माझा भाचा रादोस्लाव, कामासाठी स्पेनला जायचं म्हणत होता. गावातली निम्मी पोरं तिकडेच आहेत. वहिनीने त्याच्याकडून शब्द घेतला. "टेकडीखाली लव्हेंडर लावू. रोपं या हिवाळ्यात तगली तर उन्हाळ्यात पहिला तोडा येईल, मग तू इथेच राहायचं. नाही तगली तर जा, मी आडवी येणार नाही." तो 'बरं' म्हणाला. पोरगा पहिल्यापासून तोंडाचा गोड.

लागवडीआधी तोच शहरात जाऊन सगळं शिकून आला होता. शरद ऋतूत वहिनी शेंडे छाटायला कात्री घेऊन निघाली, तर त्याने तिचा हात धरला. "आई, ऑगस्टनंतर कात्री लावायची नाही. कापलेल्या जागेतून थंडी आत शिरते आणि रोप जातं." मी तिथेच पायरीवर अक्रोड फोडत बसले होते. माझ्या या कानांनी ऐकलंय.

त्या हिवाळ्यात मेला बर्फच पडेना. लोकांना वाटतं बर्फ म्हणजे वैरी. अहो, बर्फ ही तर रोपांची गोधडी! वैरी तो कोरडा गारठा आणि मुळाशी साचलेलं पाणी. वहिनीने प्रत्येक रोपाला मातीची भर दिली, पाणी निघून जायला चर खणले. दिवसा जमीन सैल व्हायची, रात्री गोठून फुगायची आणि रोपं मुळासकट वर उचलली जायची. मग ही दादाचे जुने बूट घालून ओळीओळीने जायची आणि टाचेनं एकेक रोप परत दाबायची. पाय सुजले, पण रोपं टिकली. मला म्हणाली, "वन्सं, आता मार्च सरला की सुटले मी." कसली सुटतेय!

फेब्रुवारीत संत ट्रिफोनचा दिवस आला. आमच्याकडे त्या दिवशी पुरुष द्राक्षमळ्यात जातात, वेली छाटतात, छाटलेल्या जागी वाइन ओततात आणि आपल्यातला एक राजा निवडतात. वर्षभराचं पीक त्या राजाच्या पायगुणावर. यंदा राजा झाला माझा दादा, दिमो. बायकांचं तिथे काय काम? आम्ही दोघी घरी भरली कोंबडी भाजत होतो.

दुपारी वरात आली. दादा दोघांच्या खांद्यावर, डोक्यावर वेलीच्या काड्यांचा मुकुट, आणि तोंड हे एवढं फुललेलं.

"वेलिका! तुझं काम करून आलो गं!"

"कसलं काम?"

"वाटेत लव्हेंडर लागलं. म्हटलं, वेलीला कात्री लागली की ती फोफावते, मग यानेच काय घोडं मारलंय? सगळ्यांनी मिळून छाटलं, पार बुडख्यापर्यंत! रादोने मुळाशी वाइन ओतली. राजाच्या हातची छाटणी आहे, आता बघ कसं येतंय! पोरगं कुठे जात नाही आता!"

वहिनीच्या हातातलं ताट खाली पडलं. कोंबडी अंगणभर. पुरुष हसले. मला तर एकेकाच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. रादो मागे वाइनची सुरई धरून उभा होता, बुटांकडे बघत.

दोनच दिवसांनी स्लिव्हेन शहराकडून वारा सुटला. बर्फाचा कण नाही, नुसतं कापणारं वारं. वहिनीने पेंढा टाकला, पोती टाकली, शेवटी लग्नात माहेरून आणलेल्या विणलेल्या सतरंज्या नेऊन त्या बुडख्यांवर पसरल्या. मी दगड ठेवत होते, वारा दगडासकट सतरंजी ओढत होता. रडूही येईना, इतका संताप झाला होता.

एप्रिलमध्ये आम्ही दोघी शेतात गेलो. वहिनी वाकायची आणि नखाने साल खरवडायची. आत हिरवं असलं तर रोप जिवंत. तपकिरी. पुढचं तपकिरी. पुढची ओळ, तीही तपकिरी. एवढ्यात रादो आला. ती उठली नाही. वाकूनच म्हणाली,

"तुला माहीत होतं."

त्याने बुटाच्या टोकाने एक ढेकूळ फोडलं.

"मला तूच शिकवलंस. मग त्यांना का नाही अडवलंस? तू तर वाइन ओतत होतास रे!"

"बाबा इतके खूश होते, आई..."

"बाबांचं नको सांगूस."

मग तो हळूच म्हणाला, "मला जायचंच होतं."

"मग तोंड नव्हतं सांगायला? मी काय बांधून ठेवलं असतं तुला?"

"हो," तो म्हणाला. "ठेवलं असतंस."

वहिनीने नखातली माती काढली. घरी येऊन तिनेच त्याची बॅग भरली, वर लाल मिरच्यांच्या चटणीच्या बाटल्याही ठेवल्या. पुढच्या आठवड्यात तो बसमध्ये चढला.

आता खानावळीत दादा शिरला की कोणीतरी ओरडतंच, "उठा रे, लव्हेंडरचे महाराज आले! कात्र्या लपवा!" माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. एकदा मी वहिनीला म्हटलंच, "बाई गं, सांग की दादाला खरं काय ते. फुकट बोल खातोय बिचारा."

"वन्सं, मूर्ख म्हणवून घेणं झेपतंय त्यांना," ती म्हणाली. "पोराला आपल्याजवळ राहायचंच नव्हतं, हे नाही झेपणार. तुम्हाला माझी शपथ आहे."

परवा मी त्यांच्याकडेच होते. दादा खानावळीतून आला, टोपी खुंटीला अडकवली आणि तिथेच भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"वेलिका, पोरगं माझ्यामुळे गेलं गं."

मी तोंड उघडलं होतं. वहिनीने माझ्याकडे असं पाहिलं की ते मिटलंच.

"हो, तुमच्यामुळेच," ती म्हणाली. "या, बसा आता. सूप निवतंय."