भाऊजींची पाठ आणि पुढची सीट

माझे दीर गाड्यांमध्ये आवाज बसवतात. म्हणजे स्पीकर, आणि डिकीत ठेवायचा तो लाकडी खोका, ज्यातून बेस, म्हणजे खालचा घुमणारा आवाज, येतो. आधी ते कपाटं करायचे. एका दुकानदाराने सहज एक खोका करून मागितला, तो असा घुमला की कपाटं मागे पडली ती पडलीच. त्याला एकोणीस वर्षं झाली. दुकानात त्यांना मिस्त्री म्हणतात, घरी आम्ही भाऊजी. लग्न केलं नाही. कोणी विचारलं तर म्हणतात, दिवसभर कानाशी धमधम असते, घरी तरी शांत असू दे. जेवायला आमच्यातच असतात आणि ताटात कधी काही टाकत नाहीत. हा गुण आधीच लिहून ठेवते, कारण पुढे जे लिहायचं आहे ते त्यांना आवडणार नाही.

आज दुपारी माझं रोजचं वाचन चालू असताना ते दारात येऊन उभे राहिले. दुकान एक ते चार बंद असतं, तेवढ्यात एक लाल, मागून दार उघडणारी छोटी गाडी घेऊन ते थेट घरी आले होते. म्हणाले, "वहिनी, जरा पाच मिनिटं पुढच्या सीटवर बसता का?" देवाचं पुस्तक अर्ध्यात मिटायला मला आवडत नाही. पण त्यांचा चेहरा पाहिला आणि मिटलं.

गाडी नाच शिकवणाऱ्या एका बाईंची. गाडी चालवतानाच त्या मनात पावलं बसवतात, म्हणून त्यांना ठेका हवा. दोनदा तक्रार घेऊन आल्या होत्या, की बेस मागे बसणाऱ्याला मिळतो, चालवणारीला नाही. आज पाच वाजता गाडी न्यायला तिसऱ्यांदा येणार होत्या. मालकांनी सकाळीच बजावलं होतं, आज बाई नाराज गेल्या तर मिस्त्रींनी मागे बसून फक्त प्लायवूड कापायचं, आवाज लावायचं काम नव्या माणसाकडे.

"म्हणजे पुन्हा सुतार," भाऊजी म्हणाले, आणि हसायला गेले ते जमलं नाही.

मी स्टिअरिंगसमोर बसले. त्यांनी मागचं दार लावलं, स्वतः मागच्या सीटवर बसले आणि गाणं लावलं.

"पोटात येतोय का?"

"पोटात काही नाही. नुसता गाणारा ऐकू येतोय."

"मला तर पाठीत दणके बसतायत."

मी आरशातून पाहिलं. डोळे मिटून, दोन्ही तळवे सीटवर दाबून ते पाठ टेकून बसले होते, जसं कोणी भिंतीला कान लावून बसावं. मी गाणं बंद केलं आणि विचारलं, दोन्ही वेळा ही गाडी तुम्ही मागे बसूनच लावलीत का. "हो," ते म्हणाले. मग सगळं सांगितलं. सात महिन्यांपासून कानांत कापूस कोंबल्यासारखं वाटतं. माणसांचं बोलणं कळतं, वरचे सूर कळतात, खालचा आवाज मात्र नाहीसा झालाय. म्हणून पाठीने ऐकायचे. पाठीला दणका बसला की गाडी झाली, असं समजायचे. खोका त्यांनी मागच्या सीटला चिकटवून, तोंड सीटकडे करून ठेवला होता. चालवणाऱ्या बाई बसतात पुढे.

"मी माझ्या पाठीसाठी गाडी लावली, वहिनी."

आमच्या ह्यांनाही सांगितलं नव्हतं. मला राग आला, पण रागवायला वेळ नव्हता. अडीच वाजले होते.

त्यांनी खिशातून खडू काढला. खोका फिरवून तोंड मागच्या दाराकडे केलं. या गाडीत डिकी आणि बसायची जागा यांच्यामध्ये भिंत नसते, तेव्हा आवाज दारावर आपटून वळतो आणि सीटांवरून पुढे येतो, हे त्यांनी मला काम करता करता समजावलं. मी विचारलं, मग आधी तसं का नाही ठेवलं. म्हणाले, तसं ठेवलं की पाठीला लागत नाही.

आधी खोका मध्यभागी, दाराच्या अगदी जवळ. मी म्हणाले, शेजारच्या घरात कोणी कुटतंय असं वाटतं. मग हातभर आत. तिथे होतं तेही गेलं. मग डाव्या कोपऱ्यात, दारापासून वीतभर सोडून. प्रत्येक जागी ते खडूने रेघ मारायचे, डिकीवरची सामान झाकायची फळी पुन्हा बसवायचे आणि दार लावायचे. मी म्हटलं, दर वेळी कशाला एवढी उठाठेव. तर म्हणाले, बाई दार उघडं टाकून गाडी चालवणार आहेत का? दार उघडं असताना लावलेला आवाज दार लावलं की बदलतो.

कोपऱ्यातल्या तिसऱ्या रेघेवर माझ्या छातीखाली कोणीतरी हात ठेवल्यासारखं झालं. स्टिअरिंग हाताला थरथरलं. मी काही बोलायच्या आत भाऊजींनी मागच्या काचेतून आरशातलं माझं तोंड पाहिलं आणि खोका तिथेच पट्ट्याने आवळला. मागून काहीतरी करकरत होतं, ते मी सांगितलं. त्यांनी गाडीच्या मागच्या अंगावरून बोटं फिरवली आणि चौथ्या सेकंदाला नंबरप्लेटवर थांबले. तिच्यामागे नमद्याचा, म्हणजे जाड लोकरी कापडाचा, तुकडा चिकटवला, करकर गेली. बोटं शाबूत आहेत, हे तेव्हा मला कळलं.

दुकानात जाताना मला सोबत घेतलं. गाडीत म्हणाले, मालकांनी काही विचारलं तर माझी नजर तुमच्याकडे असेल. आवाज बरोबर असेल तर तुमची पिशवी उजव्या हातात धरा, नसेल तर डाव्या. मी हो म्हणाले. म्हणताना मनात देवाची क्षमा मागितली, आणि मागतानाच कळलं की ही क्षमा आगाऊ मागतेय.

पाच वाजता बाई आल्या. त्या चालवायच्या सीटवर, मालक शेजारी, काचा खाली. भाऊजींना मालकांनी दोन पावलं मागे उभं केलं. मी भिंतीपाशी, पिशवी उजव्या हातात. गाणं सुरू झालं आणि बाईंचा पाय आपसूक ठेका धरू लागला. त्या म्हणाल्या, "हां, आता आला." मला वाटलं, सुटलो.

पण मालकांचा हात डॅशबोर्डखाली गेला. बेस एकदम गेला. पत्र्याच्या डब्यातून यावं तसं गाणं राहिलं.

"मिस्त्री, आता कसा वाटतोय?" मालकांनी बाहेर न बघता विचारलं.

भाऊजींचे हात गाडीपासून लांब होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला फक्त पिशवी डाव्या हातात घ्यायची होती. पण उद्या कोण उभं राहणार, परवा कोण? आणि ज्या तोंडाने दुपारी देवाचं वाचते, त्या तोंडाने संध्याकाळी काय सांगू? मी पिशवी जमिनीवर ठेवली.

भाऊजींनी खाली पिशवीकडे पाहिलं. क्षणभर वाटलं, ते अंदाजाने काहीतरी ठोकून देतील.

"मला ऐकू येत नाही, मालक. खालचा आवाज. सात महिने झाले."

मालकांनी गाणं बंद केलं. "मग ही गाडी लावली कोणी?"

"जागा मी शोधली. कान वहिनींचे."

बाई म्हणाल्या, त्यांना कोणाचेही कान चालतील, खोका मात्र आता हलवायचा नाही. मालक खाली उतरले. आवाज न चढवता म्हणाले, गेल्या आठवड्यात फाटलेला स्पीकर तुम्ही तसाच बसवलात तेव्हाच मला शंका आली होती, तुम्ही सांगाल म्हणून थांबलो. मग निकाल दिला. कानाच्या डॉक्टरांचा कागद येईपर्यंत शेवटचा शब्द मिस्त्रींचा नाही. खोका करायचा आणि जागा शोधायची त्यांनी, पण पुढच्या सीटवर बसून गाडी पास करायची ती दुकानात काउंटरवर बसणाऱ्या बाईंनी. जमत नसेल तर सांगा.

एकोणीस वर्षं ज्यांनी कोणाला विचारलं नाही, त्यांना हे ऐकावं लागलं, तेही माझ्यासमोर. ते फक्त म्हणाले, "जमेल."

परत येताना चालतच आलो. ते माझ्यापुढे दहा पावलं, भराभरा, मागे वळून न बघता. मी बोलवलं नाही. बोलवून काय सांगणार होते? त्यांना वाचवायचं कबूल करून मी ऐन वेळी हात काढून घेतला होता, आणि पुन्हा वेळ आली तरी तेच करीन हेही मला माहीत होतं.

मोठ्या रस्त्याच्या कडेला ते थांबले. समोर वळण होतं, उजवीकडचं काही दिसत नव्हतं. मी जवळ पोचेपर्यंत उभे राहिले आणि समोरच बघत विचारलं, "वहिनी, उजवीकडून ट्रकबिक येतोय का?"

मी कान दिला. येत होता. "थांबा," म्हटलं, आणि ते थांबले.