मायाप्पाच्या भिंतीआडची काहील

निलम्मा कुजबुजली तरी गोठ्यातली म्हैस दचकते, असं मादन हिप्परगा गावात म्हणत. लग्नाकार्यात रांधणं हा तिचा धंदा. फोडणी देताना ती आमटीलाच कानडीत शिव्या घाली आणि उकळी फुटली की मराठीत आशीर्वाद देई. नवरा कधीच गेलेला, पोरबाळ नाही. दुसऱ्यांच्या मांडवात जन्म काढल्यावर तिला एकच हौस उरली होती. आपली अशी एक चूल असावी आणि तिथून कुणी उपाशी परत जाऊ नये. बसवण्णांच्या वाटेवरची माणसं याला दासोह म्हणतात, येईल त्याला जात न विचारता जेवू घालायचं. तो सणासुदीला सगळेच करतात. निलम्माला रोजचा हवा होता, म्हणून गावाच्या मते तिचं डोकं फिरलं होतं.

सोलापूरकडच्या रस्त्याला निजामाच्या जकात शिपायाचं एक खोपटं होतं. पोलीस ॲक्शननंतर शिपाई जो गेला तो पुन्हा फिरकला नाही. पुढची भिंत पडलेली, आत विंचवांचा संसार. निलम्माने तेच धरलं. वर्गणी मागितली तेव्हा गावाने सल्ला सढळ हाताने दिला आणि पैसा हात आखडून. मग तिने पैशाचा नाद सोडला आणि घरोघर जाऊन अडगळ मागितली. अडगळ द्यायला कुणाची ना नव्हती. बंडेप्पाने मोडक्या गाडीचं चाक दिलं, ते खिडकी म्हणून बसलं. अक्कम्माने शेळ्यांच्या कोंडवाड्याचं दार दिलं. त्यातून आत जायचं तर माणसालाही शेळीसारखं वाकावं लागणार होतं, पण फुकटच्या दाराची उंची कोण मोजतो?

गवंडी म्हणून मायाप्पा धनगर मिळाला. तो नुसत्या जेवणावर काम करी, आणि त्याचं कारणही सगळ्यांना ठाऊक होतं. मायाप्पाची भिंत दसरा बघत नसे.

राहिलं भांडं. एवढ्या माणसांचं शिजायचं तर काहीलच हवी, उसाचा रस आटवायची, पुरुषभर रुंद. जुनी काहील होती एकट्या सिद्धलिंगप्पाकडे. गुऱ्हाळ मालक, हात इतका घट्ट की त्याच्या गुळाला मुंगी लागली तर तिला झटकून, चाटलेलं वसूल करून मग सोडील. बायको वारल्यापासून एकदा भाकऱ्या थापायच्या आणि दोन दिवस त्याच कांद्याशी खायच्या, असा त्याचा खाक्या. निलम्माने आठवडाभर त्याच्या दारात उभं राहून नेहमीच्या आवाजात विनंती केली. शेवटी कानाला आराम पडावा म्हणून तो कबूल झाला. बसवजयंतीच्या एका दिवसापुरती काहील न्यावी. दुसऱ्या दिवशी तो ती मोडीत घालणार होता.

म्हणजे एक दिवसाचा दासोह. निलम्माला ते सलत होतं, पण एक तर एक.

काहील गाडीतून आली, पडक्या भिंतीच्या जागेतून आत गेली आणि चुलाणावर बसली. जाळ काही धरेना, कारण पुढून वारं भणाणत होतं. मुहूर्त टळायला आला तशी निलम्मा मायाप्पावर ओरडली की वारं बंद कर. मायाप्पा आज्ञाधारक. त्याने तिथल्या तिथे दगडमातीची भिंत उभी केली आणि शेळ्यांचं दार बसवलं. जाळ धरला. ज्वारीच्या कण्या शिजल्या, आमटी झाली, गाव जेवलं आणि ढेकर देऊन घरी गेलं.

दुसऱ्या दिवशी सिद्धलिंगप्पा गाडी घेऊन आला. काहील आडवी निघेना, उभी निघेना, तिरकी तर दारात अडकून बसली आणि तिला परत आत ढकलताना मायाप्पाची दोन बोटं चेंगरली. तेव्हा कुठे सगळ्यांच्या डोक्यात उजेड पडला. निलम्मा आधी घाबरली. मग तिला इतका आनंद झाला की तो लपवायला तिने मायाप्पालाच झापलं.

सिद्धलिंगप्पा म्हणाला, भिंत फोडा. पण फोडायची मजुरी आणि परत बांधायची मजुरी त्याच्याच गळ्यात पडणार, हे लक्षात येताच त्याने बेत बदलला. भिंत मायाप्पाची होती. आपण होऊन पडेल. तोवर मालावर नजर ठेवायला तो रोज दुपारी येऊन समोर दगडावर बसू लागला. निलम्माही रोज सकाळी भिंतीला हात लावून बघे आणि मगच काहिलीखाली जाळ घाली. भिंत आहे तोवर दासोह आहे, हे तिला कळत होतं.

पहिले काही दिवस तो पाण्याला शिवला नाही. मग काहिलीची कळकलेली चव तर येत नाही ना, हे बघायला त्याने घासभर कण्या मागितल्या. नंतर मीठ बघायला आमटी मागितली. ज्येष्ठात तर तो पंगतीला पहिला बसे, आणि जेवून झालं की भिंतीकडे बघून अजून कशी पडली नाही म्हणून कुरकुरे. एकदा वाढपी कमी पडले, तेव्हा वाटसरूंना वाढायलाही उठला. वाढताना हात इतका आखडता की दुसऱ्या घासाला कण्या संपत, पण वाढत होता.

श्रावणात झड लागली. तिसऱ्या दिवशी निलम्मा पोत्याची खोळ पांघरून धावत आली. बघते तर भिंतीला पोट सुटलेलं, आणि त्या पोटाला पाठ लावून, पाय चिखलात रोवून सिद्धलिंगप्पा उभा. धोतर चिखलाने माखलेलं, आणि शेजारी त्याच्याच गुऱ्हाळातल्या वाशांचे टेकू लावलेले.

"अप्पा, हे कामून करायलाव?" निलम्माने विचारलं. आवाज जन्मात पहिल्यांदा खाली आला होता. "तुमी तर ही पडायचीच वाट बघत व्हताव न्हवं?"

"व्हय की," सिद्धलिंगप्पा म्हणाला. "पर पडली तर काहील घरी न्यावी लागंल मला. तिथं एकट्यानं काय शिजवू तिच्यात?"

डोळे पुसून निलम्मा वळली आणि मायाप्पाच्या नावाने अशी हाक मारली की भिंत तेव्हाच पडायची.

झड ओसरल्यावर भिंत नव्याने बांधली, या वेळी मजुरीवर आणि दुसऱ्या गवंड्याकडून. मजुरी सिद्धलिंगप्पाने दिली. दिवसभर तो गवंड्याशेजारी बसून होता आणि दाराचं माप त्याने स्वतः घेतलं. दार आधीपेक्षा वीतभर अरुंद करून घेतलं.