वीस मिनिटांचा चहा

नऊ वर्षं झाली, मी लोकांची चरबी मोजते. लग्नकार्यात कुणी "आपण काय करता?" विचारलं की मी हेच सांगते. समोरचा माणूस आधी पोट आत घेतो आणि मग विषय बदलतो. असले किस्से साठत जातात, चरबीसारखेच. कधी साठले ते कळत नाही.

आमचं सेंटर कोथरूडला, मेडिकलच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर. बाहेरच्या खोलीत मशीन आहे. त्यावर अनवाणी उभं राहून दोन्ही हातांत दांड्या धरायच्या, की मिनिटभरात चरबी किती, स्नायू किती, सगळं कागदावर येतं. पडद्याआड पलंग. तिथे तोंडावर मास्क लावून वीस मिनिटं नुसतं पडायचं. बोलायचं नाही, हलायचं नाही, झोपायचंही नाही. म्हणजे काहीही न करता शरीर किती कॅलरी जाळतं, ते श्वासावरून कळतं. त्यावरून आहार ठरवतात आमच्या मॅडम. बाकी सगळं मी.

*

देवधर काका बँकेतून रिटायर झालेले. "अंगावर धातू नको" म्हटल्यावर त्यांनी घड्याळ काढलं, पट्टा काढला, किल्ल्या काढल्या. मग कवळी काढून माझ्या टेबलावर ठेवली.

"काका, ती राहू द्या हो."

"नको. जे माझं नाही ते माझ्यात धरायचं नाही."

रिपोर्ट त्यांनी दोनदा वाचला. मग विचारलं, "हे मशीन तपासतं कोण?"

"कंपनीचा माणूस येतो."

"तो जाड आहे का?"

*

एक इंजिनिअर आला होता, लग्न ठरलेला. तीनदा उभा केला, तीनदा श्वास रोखून पोट आत. मी म्हटलं, "अहो, मशीन पोट बघत नाही. करंट आतून जातो."

"सॉरी मॅम, सवयीनं होतंय. मुलगी बघायला गेलो तेव्हा आत घेतलं, ते अजून सोडलेलंच नाही."

*

अशांचं बरं असतं, हसून मोकळं होता येतं. सुमनताई पहिल्यांदा आल्या त्या दिवशी मात्र मला हसू सुचेना.

त्या मांजरी गावच्या, घरची उसाची शेती. नवरा टँकरवर ड्रायव्हर, म्हणून थोरले दीर अण्णा त्यांना मोटरसायकलवरून घेऊन आले होते. डोक्यावर पदर घट्ट. मी "कशासाठी टेस्ट?" विचारलं, तर शेजारणीला पीठ द्यायचं असावं अशा आवाजात म्हणाल्या, "धाकट्या भावाला लिव्हर द्यायचंय."

घरात दुसऱ्या कुणाचं जुळत नव्हतं. यांचं जुळलं, पण यांच्याच लिव्हरवर चरबी निघाली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, सहा आठवड्यांत उतरवा, मग परत बघू. तोवर नाही.

"सा आठवडे थांबंल का हो तो?" त्यांनी मला विचारलं.

मी काय सांगणार? म्हटलं, चपला काढून उभ्या राहा.

*

पंधरा दिवसांनी वजन चार किलो उतरलं. अण्णा खूश. "बघा, म्हनलं नव्हतं?"

कागद हातात आला आणि मी तो सरळ मॅडमना नेऊन दाखवला. चरबी जवळपास होती तिथेच, उतरले होते स्नायू. बाई सकाळी ताक आणि रात्री ताक, एवढ्यावर राहिल्या होत्या.

मॅडम म्हणाल्या, "अहो, असं केलंत तर ऑपरेशनला ताकदच उरणार नाही. डॉक्टर सरळ नाही म्हणतील."

"भाऊ तिकडं काय खाईना. माझ्या घशाखाली घास उतरंल का?"

"उतरवायचा. किती, ते मी सांगते. त्यासाठी आधी आत पलंगावर पडा."

*

आणि तिथेच सगळं अडलं. बाई पडल्या, मास्क लागला, आणि कॉम्प्युटरवरची श्वासाची रेघ नाचायला लागली. पर्वती चढणाऱ्या माणसाचा यावा तसला आकडा. दोन दिवसांनी परत केलं, तेच. मॅडमनी एसी कमी केला, बासरी लावली, उशी बदलली. मी म्हटलं, श्वास मोजा. तर जास्तच बिघडलं.

"कसली भीती वाटतेय का?"

"न्हाई."

उरलेल्या चार आठवड्यांतला एक असाच गेला. मला घरी भाजी चिरतानासुद्धा तीच रेघ दिसत होती.

तिसऱ्या वेळी मी कॉम्प्युटर सोडून बाईंकडे बघत बसले. पडद्याबाहेर अण्णा खोकले. बाईंचा हात डोक्याकडे गेला, पदर शोधायला. मास्कच्या पट्ट्यांपायी आम्हीच तो खाली घ्यायला लावला होता. परत खोकला, परत हात.

मास्क काढून मी हळूच विचारलं. त्या पुटपुटल्या, "थोरले दीर भाईर बसल्यात आन् मी हितं आडवी. बावीस वर्सांत त्यांच्यासमोर पाठ टेकली न्हाई मी."

आम्ही शहाणे बासरी लावून बसलो होतो!

बाहेर येऊन मी म्हटलं, "अण्णा, खाली जाऊन चहा घ्या. वीस मिनिटं पुरेल असा."

"काय चुकलं का?"

"तुम्ही इथे बसता, तेवढंच."

अण्णांना लगेच कळलं. कान लाल झाले त्यांचे. खाली गेले, रस्ताही ओलांडला, आणि आमच्या खिडकीकडे पाठ करून मोटरसायकलपाशी उभे राहिले.

पाचव्या मिनिटाला रेघ सरळ झाली.

*

मग बाई जेवायला लागल्या, मोजून. सहाव्या आठवड्याचा रिपोर्ट घेऊन हॉस्पिटलात गेल्या त्या गेल्याच. ऑपरेशन ठरलं एवढा निरोप आला, पुढे काही नाही. आपण होऊन फोन करायचा धीर ना मला, ना मॅडमना. सेंटरचा फोन वाजला की दोघी एकमेकींकडे बघायचो. महिने गेले तसं मी बघणं बंद केलं.

परवा सकाळी दार उघडलं तर अण्णा. मागे सुमनताई. आणि त्यांच्यामागे त्यांचा धाकटा भाऊ, काटकुळा, तोंडाला साधा मास्क, डोळे हसरे. डॉक्टरांनी सांगितलं होतं म्हणे, अंगात ताकद किती भरली ते बघून या.

मी त्याला मशीनवर उभं केलं. कागद बाहेर आला. हात, पाय, धड, सगळ्यांचे वेगवेगळे आकडे. त्यानं मधल्या आकड्यावर बोट ठेवलं.

"हे पोटाकडचं ना?"

"हो."

मग म्हणाला, "ह्यातलं ताईचं किती अन् माझं किती?"

सुमनताई खाली बघायला लागल्या. हात परत पदराकडे गेला.

अण्णा उठले. "मी जरा चहा घेऊन येतो," म्हणाले. "वीस मिनटं लागतील."