दोन शिटांची मोटार

कुणी गाडीत बसवून घ्या म्हणालं की अप्पा स्टेअरिंगवरचे दोन्ही हात उचलून तळवे पुढे धरायचे आणि म्हणायचे, "दोनच शिटा हायत." शेजारची शीट रिकामी असली तरी हेच. आमच्या कचेरीतल्या एका मोठ्या साहेबांनी एकदा त्यांना औशाच्या रस्त्यावर हात केला. साहेबांची जीप बंद पडली होती आणि ऊन मी म्हणत होतं.

"दोनच शिटा हायत, साहेब."

"अहो, एक रिकामी दिसतेय ना!"

"दिसायला रिकामी हाय. भरलेली हाय ती."

साहेब वाकून आत बघायला लागले. अप्पांनी गाडी हळूच पुढे काढली. दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला बोलावून विचारलं, "तुमचे घरमालक बरे असतात ना?" मी म्हणालो, असतात. त्या वेळी मला एवढंच माहीत होतं.

लातूर नवा जिल्हा झाला त्या सुमाराची ही गोष्ट. कलेक्टर कचेरीत खुर्च्या कमी आणि माणसं जास्त होती. मी मूळचा कंधारचा, नांदेडला कारकून होतो, तिथून बदलीवर लातूरला आलो आणि अप्पांच्या घराची पुढची खोली भाड्याने घेतली. मी कारकून आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, तरी पहिल्या दिवसापासून ते मला 'कलेक्टर' म्हणत. खुद्द कलेक्टरांना ते काय म्हणत असतील, याची मला काळजी वाटे.

अप्पांची मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, आडत होती. शेतकऱ्यांनी आणलेली तूर, ज्वारी, करडई लिलावात विकून द्यायची, हा धंदा. वय पन्नाशीच्या पुढे, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, पांढरं धोतर, पांढरा सदरा. भावांत ते थोरले. धाकटे तीन भाऊ, भावजया, त्यांची मुलं, शिकायला राहिलेली भाचरं. त्या घरात माणसं किती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. जेवताना मोजावीत म्हटलं तर तोवर एक पंगत उठून दुसरी बसलेली असे.

या सगळ्यांचा स्वयंपाक काकूंच्या हाताखाली चाले. काकू म्हणजे अप्पांच्या पत्नी. ही दोघं एकमेकांशी थेट बोललेली मी पहिल्या वर्षात ऐकली नाहीत. थोरल्यांनी चारचौघांत बायकोशी बोलायचं नाही, अशी त्या घरची रीत होती, आणि त्या घरात चारचौघं नाहीत अशी जागाच नव्हती. अप्पा म्हणत, "आत सांगा." मग एक भाचा दुसऱ्याला सांगे, दुसरा भावजयीला, भावजय काकूंना. एकदा त्यांनी भाजीत मीठ कमी असल्याचा निरोप दिला, तर आतून लोणचं आलं. अप्पांनी ते मुकाट्याने खाल्लं.

मग काकूंना बरं वाटेनासं झालं. त्यांना डॉक्टरांकडे न्यायचं ठरलं, तेव्हा घरची मोठी गाडी निघाली आणि तिच्यात मावतील तेवढे सगळे निघाले. त्या भेटीची हकीकत अप्पांनीच मला सांगितली. डॉक्टरांनी विचारलं, "काय होतंय बाई?" एक जाऊ म्हणाली, जेवत न्हाईत. दुसरी म्हणाली, झोपत न्हाईत. दीर म्हणाला, काम कमी करा म्हणलं तर ऐकत न्हाईत. डॉक्टरांनी टॉनिक लिहून दिलं. काकूंनी तोंड उघडलं नव्हतं.

"तोंड उघडलं होतं तिनं," अप्पा म्हणाले. "मी बघून राहिलो होतो. पण मिटलं."

त्यांनी माझ्या खोलीतली खुर्ची जवळ ओढली आणि बसले. मग म्हणाले, "कलेक्टर, लहानात लहान मोटार कंची असती?"

"चार माणसांची, अप्पा."

"त्याहून लहान?"

"त्याहून लहान म्हणजे शर्यतीची. दोन माणसांची. श्रीमंतांची पोरं उडवतात तसली."

"हां," अप्पा उठले. "तसली बघू."

तुरीच्या व्यापारामुळे हैदराबादला त्यांच्या ओळखी होत्या. तिथल्या एका जुन्या खानदानातले म्हातारे गृहस्थ आपल्या मोटारी काढून टाकत होते. अप्पांनी मला बरोबर घेतलं, कारण मला इंग्रजी येतं असा त्यांचा समज होता. खानसाहेबांनी आम्हाला आधी एक लांबलचक मोटार दाखवली. दारं चार, आत सोफ्यासारख्या गाद्या.

"देखो जनाब, पूरा खानदान बैठता इसमें."

"वहीच तो मुश्किल है, खानसाब," अप्पा म्हणाले.

मग खानसाहेबांनी शेडच्या कोपऱ्यातली चादर ओढली. खाली एक बाटलीच्या हिरव्या रंगाची विलायती गाडी होती. कमरेएवढी उंच, कापडी टप, लांब नाक, दोन शिटा. खानसाहेबांच्या मुलाने हौसेने घेतलेली आणि तो परदेशी गेल्यापासून पडून असलेली. मी बॉनेट उघडून शहाण्यासारखा आत बघत राहिलो. अप्पांनी इंजिनाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. धोतर सावरत आधी बूड टेकवलं, मग पाय एकेक करून आत घेतले. पोत्यात हात खुपसून धान्य बघावं तसा त्यांनी शिटांच्या मागे हात घातला. तिथे एक अरुंद फळी होती.

खानसाहेब खुलले. "यहाँ एक बच्चा आराम से बैठता!"

अप्पांचा चेहरा उतरला. खानसाहेबांना वाटलं, गिऱ्हाईक भाव पाडतंय, आणि त्यांनी आपणहून किंमत कमी केली. लातूरला आल्याबरोबर अप्पांनी पहिलं काम केलं ते त्या फळीवर जादाचं चाक आडवं टाकून पट्ट्याने आवळण्याचं.

येताना गाडी त्यांनीच चालवली. जहीराबाद, बीदर, उदगीर करत आम्ही आलो. ती गाडी इतकी खाली होती की बैलगाडी शेजारून गेली तर आम्हाला फक्त तिचा आख दिसे. उदगीरच्या अलीकडे इंजिन तापून वाफा यायला लागल्या. त्या साली पावसाने पाठ फिरवलेली होती. रस्त्याकडेच्या विहिरीवर बायका तळाचं पाणी वाटीने घागरीत भरत होत्या. मी पाणी मागितलं. एक म्हातारी म्हणाली, "माणसाला न्हाई, हिला कुटून देऊ?" अप्पा म्हणाले, "खरं हाय माय." आणि गाडी आपसूक निवेपर्यंत आम्ही लिंबाखाली बसून राहिलो.

त्या दुसऱ्या शिटेवर काकूंच्या आधी बसलेला मी एकटाच. त्याचं अप्पांना कायम थोडं वाईट वाटत राहिलं असावं.

घरी आल्यावर भाऊ गाडीभोवती फिरले. धाकट्याने विचारलं, "दादा, ह्यात बसायचं कुणी?"

"मी आन तुझी वहिनी."

स्वयंपाकघरात एक भांडं पडलं. थोड्या वेळाने आतून निरोप आला. भाच्याने तो जसाच्या तसा सांगितला, कारण तो दोनच शब्दांचा होता, "बसणार न्हाई."

काकूंचं म्हणणं चूक नव्हतं, आणि जावा-दीरही तेच म्हणत होते. लेकीचं लग्न झालेलं, घरात जावई येत-जात होता. ज्या बाईने गावातल्या रस्त्यावर कधी नवऱ्याच्या बरोबरीने पाऊल टाकलं नाही, तिने उघड्या हिरव्या मोटारीत शेजारी बसायचं म्हणजे काय? अप्पांनी आग्रह केला नाही. आडत बंद असली की ते एकटेच गाडी काढायचे, औशाच्या रस्त्याने जाऊन परत यायचे. आमदारांच्या मेहुण्याला त्यांनी बसवलं नाही, मठाच्या कारभाऱ्यांना बसवलं नाही. आमच्या साहेबांचं तुम्हाला सांगितलंच.

दुष्काळ वाढत गेला. नळाला पाणी येणं ही बातमी झाली. घरचं प्यायचं पाणी मोटारीला घालायचं नाही, असं अप्पांनी ठरवलं होतं. ते मागीलदारी जाऊन तांदूळ धुतलेलं पाणी आणत आणि रेडिएटरमध्ये ओतत. एक दिवस मिस्त्री माझ्या खोलीशी येऊन म्हणाला, "तुमी तरी सांगा. रेडिएटरमदून तांदूळ निघून राहिले."

मी अप्पांना सांगितलं आणि त्यांनी ते पाणी बंद केलं. आता पाण्याशिवाय गाडी उभीच राहणार असं दिसत होतं. पण आडतीच्या पुढच्या सुट्टीला सकाळी खिडकीतून मला दिसलं, काकू बाहेर आल्या, इकडेतिकडे पाहिलं, पदराखालून तांदळाच्या गाळलेल्या पाण्याचा लोटा काढला, पुढच्या चाकाजवळ ठेवला, वर ताटली झाकली आणि आत गेल्या. अप्पा आले. लोट्याकडे पाहिलं. पाणी रेडिएटरमध्ये ओतलं, रिकामा लोटा होता तिथेच ठेवला आणि निघून गेले. पुढे प्रत्येक सुट्टीला हे चाललं. मधे कुणी निरोप्या नव्हता.

तिढा सुटला तो भलत्याच बाजूने. गावात लोक बोलायला लागले. धाकटा भाऊ एक दिवस सगळ्यांसमोर म्हणाला, "दादा, लोकं घागरी घेऊन रांगंत उभे हायत आन आपुन शर्यतीची मोटार फिरवून राहिलो. लाज वाटती. इकून टाका."

अप्पांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "इकतो. ती एकदा बसली की इकतो."

झालं. जी मंडळी इतके दिवस काकूंनी बसू नये म्हणत होती, तीच आता काकूंच्या मागे लागली. जावा म्हणाल्या, अक्का, एकदा बसा आन टाका संपवून. दीर म्हणाले, वहिनी, घराच्या अब्रूचा सवाल हाय. जावयाने कळवलं की त्याची काही हरकत नाही. काकू शेवटी बाहेर आल्या तेव्हा सगळं घर दारात उभं होतं. जावांनी डबा दिला. अप्पांनी दार उघडून धरलं. काकूंनी पदर डोक्यावरून घेऊन हनुवटीखाली गाठ मारली आणि समोर बघत बसल्या. गाडी धुरळा उडवत औशाच्या दिशेने गेली.

पुढचं मला काकूंनी फार वर्षांनी सांगितलं.

"औशाच्या पल्याड ह्यांनी गाडी बाजूला घेतली. म्हणले, आता सांग. मी म्हणले, काय? म्हणले, त्या दिवशी डाक्टरनं इचारलं ते."

"मग?"

"मग सांगितलं. छातीत गाठ हाय म्हणून. लई दिवसांची. दिरांम्होरं काय सांगणार बाबा?"

"अप्पा काय म्हणाले?"

"किल्लीच हुडकून राहिले. शिटंखाली बघितलं, खिशात बघितलं. हातातच होती."

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटा भाऊ गिऱ्हाईक घेऊन दारात हजर. अप्पा आणि काकू गाडीत बसलेले. मागच्या फळीवरच्या जादा चाकावर एक पिशवी बांधलेली.

"दादा, हे गाडी बघायला आलेत. इकतो म्हणला होता."

"म्हणलो की. कवा ते म्हणलो न्हाई."

"निघाला कुटं?"

"सोलापूरला. सिद्धेश्वराच्या दर्शनाला."

"मग आमीबी येतो की. मोठी गाडी काढतो."

"नगो," असं म्हणाल्या त्या काकू. दिरासमोर त्या थेट बोललेल्या मी पहिल्यांदा ऐकल्या.

सोलापूरला एका डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि तिथेच ठेवून घेतलं. आडतीवर अप्पांचा फोन आला तेव्हा घराला खरं कळलं. धाकटा भाऊ फोन ठेवून पोत्यावर बसला तो बराच वेळ उठला नाही. शस्त्रक्रिया झाली. आणखी उशीर केला असता तर काही करता आलं नसतं, असं त्या बाईंनी अप्पांना सांगितलं. काकू वाचल्या. गाडी विकायची गोष्ट त्या घरात पुन्हा निघाली नाही. धाकटा भाऊच पुढे रोज सकाळी कोरड्या फडक्याने ती पुसायचा. काच पुसताना मात्र आत बघायचा नाही.

तपासणीसाठी दोघांच्या सोलापूरच्या वाऱ्या बरीच वर्षं चालल्या. एकदा गाडी वाटेत बंद पडली. एका शेतकऱ्याने बैलजोडी लावून ती ओढत औशात आणली. अप्पा बैलांपुढे चालत होते.

"मग स्टेअरिंग?" मी काकूंना विचारलं.

"मीच धरलं की. सगळं औसा बघायला आलं. लई मजा आली."

माझी बदली परत नांदेडला झाली. लोह्याच्या, कंधारच्या कामातून सवड काढून मी वर्षातून एखादी चक्कर लातूरला मारत असे. अप्पांची नजर अधू झाली, तशी गाडी पत्र्याच्या शेडमध्ये कायमची उभी राहिली. संध्याकाळी दोघं तिच्यात जाऊन बसायची. चहा तिकडेच जायचा. मी एकदा विचारलं, "अप्पा, रोज काय बोलता?"

"कुटं काय, कलेक्टर. बसतो."

काकू शेजारी हसल्या. त्या दिवशी शेवग्याच्या शेंगांवरून दोघांचं थोडं भांडण झालेलं होतं.

अप्पा गेल्याचा फोन नांदेडला आला तेव्हा मी निवृत्त झालो होतो. मिळेल त्या गाडीने निघालो. पोचलो तेव्हा लिंगायतांच्या रिवाजाप्रमाणे त्यांना बसवलं होतं. ताजी विभूती, नवा सदरा, गळ्यात शेवंतीचे हार. फुलांच्या विमानात, म्हणजे खांद्यावरून न्यायच्या डोलीत, ते ताठ बसले होते आणि सगळं घर आणि निम्मा मोंढा रस्त्यावर उभा होता. भजन सुरू झालं. भावांनी आणि पुतण्यांनी विमान खांद्यावर घेतलं. पोरं दांडगी होती, पावलं भराभर पडायला लागली आणि विमान एका बाजूला कललं.

काकू जावांच्या घोळक्यातून पुढे आल्या. त्या भर रस्त्यात, सगळ्यांच्या देखत, विमानाच्या दांड्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. भजन थांबलं. त्यांनी अप्पांचा कललेला हार सरळ केला.

"सावकाश न्या," त्या म्हणाल्या. "घाई न्हाई त्यांना."